वहीत नाही म्हणजे झालं नाही : विसरायला लागल्यावर नको ते फोन कसे हाताळायचे

मी सांगलीत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, बाहेरगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि आता स्वतःचा वाजला की छातीत धस्स होतं, काय म्हणायचं याला. वय त्र्याहत्तर. गेल्या दोनेक वर्षांत विसरणं वाढलंय, चष्मा कुठे ठेवला छापाचं नाही, सकाळी कोणाशी काय बोलले ते दुपारी साफ पुसलेलं असतं. तशात हे फोन, लोन हवंय का, प्लॉट घ्या, पॉलिसी लॅप्स होतेय, काकू केवायसी राहिलंय. मागच्या वर्षी पाण्याच्या मशीनवाला एका महिन्यात तीनदा डेमो द्यायला दारात आला कारण मी तिन्ही वेळा फोनवर हो म्हटलेलं, तिसऱ्यांदा तर त्यालाच लाज वाटली बिचाऱ्याला. आणि जुन्या मशीनच्या वर्षभराच्या सर्व्हिसचे २८०० रुपये मी दोनदा भरले, एकदा चेकने आणि एकदा मोबाईलवरून. त्यानंतर लेकीने डोक्याला हात लावला आणि मी वही आणली.

या विषयावर जिथे बघावं तिथे एकच सल्ला, लक्षात ठेवा ओटीपी देऊ नका, लक्षात ठेवा लिंक उघडू नका. अहो पण लक्षातच तर राहत नाही ना! आणि फोनवरचा माणूस घाई करायला लागला की जे लक्षात होतं तेही जातं. म्हणून मी जे करते त्यात लक्षात ठेवायचं जवळपास काहीच नाही, सगळं कागदावर, भिंतीवर आणि फोनच्या आत बसवून ठेवलंय. डोकं शाबूत असेल त्या दिवशी बसवायचं, नसेल त्या दिवशी आपोआप चालतं.

आधी फोनला घर द्या

मोबाईल घरभर हिंडतो हीच पहिली अडचण. स्वयंपाकघरात कुकर चालू, एका हातात उलथनं, कानाला फोन, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. माझा मोबाईल आता दाराजवळच्या फळीवर असतो, चार्जरसकट. शेजारी दोनशे पानी वही आणि पेन, पेन खिळ्याला दोरीने बांधलंय, बँकेत काउंटरवर असतं तसं. बांधलं नव्हतं तेव्हा आठवड्याला एक पेन जायचं, एकदा तर तांदळाच्या डब्यात सापडलं. तिथली खुर्ची मुद्दाम काढून टाकली. उभं राहून बोललं की बोलणं लांबत नाही, आणि पाय दुखायला लागले की आपोआप ठेवला जातो. फक्त फोन वाजला म्हणून धावायचं नाही हं. ओला पाय घसरला तर खुबा जातो, आणि पलीकडे असतो कोण तर क्रेडिट कार्डवाला. खरं काम असलेला माणूस परत करतोच.

फळीच्या वर पुठ्ठा लावलाय, नातीने जाड मार्करने लिहून दिलेला, चार ओळी:

कोण? कुठून? काम काय? लिही.
मी फोनवर काही ठरवत नाही.
पैसे, नंबर, कार्ड, आधार : नाही.
ठेव.

दुसरी ओळ मी फोनवर वाचूनच दाखवते. अगदी शाळेत धडा वाचावा तशी. "मी फोनवर काही ठरवत नाही, नमस्कार," आणि ठेवते. पलीकडचा काय बोलतोय ते ऐकायला थांबायचं नाही, कारण त्याला हेच शिकवलेलं असतं, नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य कोणतं टाकायचं ते. आमच्या पिढीला फोन आपण होऊन ठेवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, मलाही वाटायचा. पण बोर्डावर असताना तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये घुसून विचारायचो, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का, मग तो कलेक्टर असो की कोण. तेव्हा नाही उद्धट वाटलं, मग आता का वाटावं.

वही कशी ठेवायची

ट्रंक बोर्डावर नियम होता, आधी तिकीट लिहायचं, मग लाईन जोडायची. नंबर, वेळ, कोणाला कोणाशी बोलायचंय. तिकीट नसेल तर तो कॉल झालाच नाही असं धरायचं. मी तेच घरी लावलंय. नमुन्याला मागच्या मंगळवारचं पान असं आहे:

११.२० – बाई, गोड आवाज. पाणी मशीन. "परवा बोललो" म्हणाली. वहीत नाही. ठेवला.
१२.०५ – डॉक्टरांचा कंपाउंडर. रिपोर्ट आला. गुरुवारी ५ वाजता. (लेकीला सांगितलं ✓)
४.४० – माणूस, हिंदी. पार्सल अडकलंय. ठेवला. परत आला. परत ठेवला.

यातली पहिली ओळ नीट बघा, कारण विसरणाऱ्या माणसाला अडकवायची खरी चावी तिथे आहे. "काकू, परवा आपलं बोलणं झालं होतं ना, तुम्ही हो म्हणालात, मी पुढे पाठवलंय आता." आपल्याला आठवत नसतं. आणि आठवत नाही असं कबूल करायची इतकी लाज वाटते की आपण म्हणतो हो हो, बरोबर, झालं होतं. संपलं. त्यांना तुमचा विसराळूपणा माहीत असायचीही गरज नाही, हे वाक्य ते सगळ्यांवर टाकून बघतात, कुठेतरी लागतं. म्हणून माझा एकच कायदा आहे, वहीत नाही म्हणजे झालं नाही. समजा खरंच झालं असेल आणि मी लिहायला विसरले असेन, तरी झालं नाही. काय होईल, एखादा डेमो हुकेल. हुकू दे.

आणि तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे त्याने घडाघडा म्हणून दाखवले म्हणून तो बँकेतला होत नाही. ही माहिती आता भाजीसारखी विकली जाते.

नंतर एकदा लेक आली की पाने चाळते. तिला त्यातून कळतं की या महिन्यात फोन वाढलेत का, कोण परत परत करतंय, आणि खरं सांगायचं तर आईचं अक्षर आणि विसरणं कुठवर आलंय तेही कळतं. डॉक्टरांनाही आम्ही वही दाखवली, तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडली.

फोनच्या आतलं काम

हे एका बैठकीत करून घ्या, नातवंडांपैकी कोणी असेल तर त्याला भजी खाऊ घाला आणि बसवा. सगळ्यात आधी कॉन्टॅक्ट्स. आपल्याला ज्यांचे फोन खरोखर यायला हवेत ते सगळे नावाने सेव्ह करायचे, मुलं, डॉक्टर, दवाखाना, मेडिकल, गॅस एजन्सी, दूधवाला, रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन, बँकेची आपली शाखा. पहिल्या पाचांना फोटो लावा, नाव वाचायला चष्मा लागतो, चेहऱ्याला नाही लागत.

हे झालं की मग फोनचा डू नॉट डिस्टर्ब चालू करायचा आणि त्यात कॉल्स फक्त कॉन्टॅक्ट्सचे येऊ द्यायचे. बाकीचे येतात पण वाजत नाहीत, मिस्ड कॉलमध्ये दिसतात. संध्याकाळी लेक किंवा शेजारच्या वहिनी एकदा बघतात. अँड्रॉइडवर गूगलचं फोन अ‍ॅप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्पॅम कॉल गाळायची सोय आहे ती चालू करा, आयफोनमध्येही अनोळखी नंबर गप्प करता येतात. व्हॉट्सअ‍ॅप लोक विसरतात! सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, तिथे सायलेन्स अननोन कॉलर्स आहे, आणि ग्रुप्समध्ये आपल्याला फक्त ओळखीच्यांनी घ्यावं असंही करता येतं, नाहीतर शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये कधी जाऊन पडाल पत्ता लागणार नाही.

कुरियरवाला येणार असेल त्या दिवशी मात्र हे सगळं आड येतं, तो खाली उभा राहून फोन करतो आणि वर वाजतच नाही. त्यावर मी काढलेला उपाय म्हणजे ऑर्डर मी करतच नाही, लेक करते आणि तिचाच नंबर देते.

नंबरवर नाव दाखवणारी अ‍ॅप्स चांगली असतात पण त्यावरचं नाव लोकांनीच भरलेलं असतं, चोरसुद्धा स्वतःला अमुक बँक केवायसी असं नाव लावून घेऊ शकतो. नाव दिसलं म्हणून विश्वास नको.

१९०९, आणि त्याने काय होत नाही

गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, डीएनडी, म्हणजे डू नॉट डिस्टर्ब, दोन आहेत. एक फोनमधला, जो वर सांगितला. दुसरा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडची नोंदणी. त्यासाठी मेसेजमध्ये इंग्रजीत स्टार्ट लिहायचं, एक जागा सोडून शून्य, आणि १९०९ ला पाठवायचं, किंवा १९०९ ला सरळ फोन लावायचा, पैसे पडत नाहीत. शून्य म्हणजे सगळ्याच जाहिराती बंद. घरात बीएसएनएलचा लँडलाईन असेल तर त्याचीही नोंद होते. जाहिरातीचे अधिकृत फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायचे असतात आणि बँका, विमा, सरकारी खाती यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिलीय. साध्या दहा आकडी मोबाईलवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला की तिथेच ओळखायचं. अर्थात १६०० वरून आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच.

नोंदणी करूनही जाहिरातीचा फोन आला तर सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करता येते, त्याला नंबर आणि तारीख लागते आणि ती वहीत असते, बघा.

पण डीएनडीने भले लोक थांबतात. जो नियमाने धंदा करतो तो यादी बघतो आणि तुमचा नंबर सोडतो. चोर यादी बघत नाही. माझ्याकडे नोंदणीनंतर लोन आणि प्लॉटवाले बरेच कमी झाले, पार्सलवाले जसेच्या तसे राहिले. अशा संशयास्पद फोनची तक्रार सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर चक्षू नावाच्या सोयीत करतात, ते काम मी नातीवर टाकलंय.

चोरांचे पाढे

सगळे प्रकार पाठ करू नका, राहणार नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी नवीन येतो. आज रात्री लाईट कापणार आहेत म्हणणारा, हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी मागणारा, लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, पाठवणारा, सगळ्यांची चाल एकच, घाई आणि कोणाला सांगू नका. हयातीच्या दाखल्याचं तेवढं सांगते कारण नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हेच फोन येतात, तो दाखला बँकेत, पोस्टात होतो, पोस्टमन घरी येऊनही थोड्या पैशात करून देतो, फोनवरच्या माणसाला आकडे सांगून होत नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

डिजिटल अरेस्ट म्हणून जे करतात, पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर तासन्तास बसवून ठेवतात, तसली अटक कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये हे सांगितलेलं. माझ्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला लिहिलंय, पोलीस आले तर दारात येतील.

म्हशीचं नाव

"आजी मी बोलतोय, अ‍ॅक्सिडेंट झालाय, पैसे पाठव." हा फोन सगळ्यात वाईट, आता तर आवाजाचीही नक्कल करतात. यावर सल्ला देतात की घरात एक गुप्त शब्द ठरवा. आम्ही ठरवला. आठ दिवसांत मी विसरले. नातीने आठवण करून दिली, परत विसरले, शेवटी शब्द कागदावर लिहिला आणि कागद हरवला.

मग माझ्याच लक्षात आलं की नवीन शब्द राहत नसला तरी जुनं सगळं लख्ख आहे. मिरजेच्या आमच्या वाड्यात एक म्हैस होती, तिचं नाव, तिने माझ्या धाकट्या भावाला कुठे पाडलं, सगळं मला झोपेतही सांगता येईल. तर आता आमच्या घरात प्रश्न तोच, म्हशीचं नाव काय. मुलं आणि नातवंडं सगळी ते शिकलीत. मला उत्तर लक्षात ठेवावं लागत नाही, ते डोक्यात १९६० पासून बसलंय. विसरणाऱ्यांनी गुप्त शब्द नवा करू नये, जुन्या घरातून आणावा. आणि उत्तर बरोबर आलं तरी ठेवून आपण आपल्या बाजूने सेव्ह केलेल्या नंबरवर फोन लावायचाच.

पैशाला कडी

हे लवकर करा, म्हणजे खरंच लवकर, कारण नंतर करता येत नाही. पेन्शन आणि एफडी ज्या खात्यात आहेत त्याला यूपीआय जोडलेलं नको, नेट बँकिंग बंद, म्हणजे फोनवरच्या फोनवर कोणी एफडी मोडायला लावू शकत नाही. दुसरं छोटं खातं, त्यात चार-पाच हजार, मोबाईलला तेवढंच जोडलेलं. गेलं तर तेवढंच. एटीएम कार्डाची मर्यादा कमी करून घ्या, परदेशी आणि ऑनलाईन वापर बंद करून घ्या. आपला ज्याच्यावर विश्वास आहे अशा मुलाला किंवा मुलीला खात्यात जॉइंट घ्या आणि अलर्ट दोघांना मिळेल का ते शाखेत विचारा.

वकिलाने मला एक गोष्ट सांगितली ती माहीतच नव्हती. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवली की निर्धास्त असं आपण समजतो, पण आपली बुद्धी पार गेली तर आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्रही संपतं. मग घरच्यांना पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणजे जे करायचं ते सही कशावर करतोय हे कळतंय तोवर.

कान आणि बी-ट्वेल्व्ह

डॉक्टरकडे मी जायला तयार नव्हते, म्हातारपण आहे म्हणून सोडून दिलेलं. त्यांनी रक्तात बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड बघितलं, झोपेची गोळी बघितली, आणि कान तपासायला पाठवलं. विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात, ती आधी बघून घ्यावीत. माझं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं आणि डावा कान निकामी. निम्मे "हो हो" मी ऐकू न आल्यामुळे म्हणत होते, समोरच्याला परत परत काय काय म्हणायला बरं वाटत नाही म्हणून! आयुष्यभर कानाला हेडसेट लावलेल्या बाईची ही गत. आता यंत्र आहे, आणि फोन स्पीकरवर घेते.

मुलासुनांनो, तुमच्यासाठी

ओरडू नका. दोनदा पैसे भरल्याचं कळल्यावर मुलाने आवाज चढवला, त्यानंतरचा एक फोन मी चार दिवस लपवला. त्यात काही गेलं नाही, पण गेलं असतं तर चार दिवस वाया गेले असते. फोन काढूनही घेऊ नका, तो गेला की आम्ही घरातल्या सामानासारखे होतो. आणि आणखी एक, सांगायला लाज वाटते पण सांगते, त्या फोनवरच्या मुली "काकू जेवलात का" विचारतात. दिवसभरात तेवढंच कोणी विचारलेलं असतं. तुम्ही रोज ठरलेल्या वेळी दोन मिनिटं फोन केलात तर त्यांचं विचारणं फिकं पडतं, माझ्या लेकीचा रात्री साडेआठला येतो.

गेलेच पैसे तर

त्याच मिनिटाला १९३० लावा, ती ऑनलाईन फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन, नंतर बँक. हा नंबर पुठ्ठ्याच्या मागे लिहा, मोठा. आपणच ओटीपी सांगितला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणून लाजत बसायला वेळच नाही. कळवल्याचा तक्रार क्रमांक वहीत. चोराने फोनवर काही नंबर दाबायला लावले असतील तर ##००२# लावा, फॉरवर्ड केलेले कॉल रद्द होतात. आणि महिन्याभराने कोणी फोन करून म्हणेल की तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा, तर तो त्याच चोरांचा भाऊ.

वही सुरू करून आता चौदा महिने झाले, दुसरी वही चालू आहे. परवा गॅसवाल्याने नवीन नंबरवरून फोन केला, मिस्ड कॉल बघून वहिनींनी लावून दिला, तर मी त्यालाच पुठ्ठा वाचून दाखवला, मी फोनवर काही ठरवत नाही, नमस्कार. तो म्हणाला अहो मावशी तुम्ही काही ठरवू नका, मी खाली उभा आहे, फक्त दार उघडा. वहीत लिहिलं, ३.१०, गॅस, खरा निघाला, आणि मग उघडलं.